फोटो माझा, सहल सगळ्यांची

ताई,
आम्ही आठ जण सहा दिवस डोंगरांत फिरून आलो. मी कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन गेले होते. ठरवून पॅनोरामा, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम्स जोडून होणारे रुंद फोटो काढले, त्यातले अकरा चांगले आले. एक मोठा छापून घरी लावला. तो बघून ओळखीच्या दोघा-तिघांनी प्रिंट विकत मागितली, आणि एका ऑफिसला मीटिंगच्या खोलीसाठी तीन हवे आहेत. मी आनंदाने ही बातमी सहलीच्या ग्रुपवर टाकली आणि तिथेच बिनसलं. एक जण म्हणतो, सगळेच तिथे होतो, तेव्हा पैसे पुढच्या सहलीच्या फंडात जाऊ देत. एक मैत्रीण म्हणते, ट्रायपॉड मी वाहिला, मला एक प्रिंट फुकट दे. त्यात आणखी एक पेच आहे. तळ्याकाठच्या पहाटेच्या पॅनोरामाच्या फ्रेम्स मी काढलेल्याच नाहीत. माझी बोटं गारठली होती, म्हणून दुसऱ्या एका मैत्रिणीने माझ्या कॅमेऱ्याने काढल्या. घरी येऊन मी त्या जोडल्या. ऑफिसला नेमका तोच हवा आहे. फोटो कुणाचा, पैसे कुणाचे, किंमत कशी ठरवायची? आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सर्वात आवडलेला पॅनोरामा मोबाइलवरचा आहे. तो मोठा छापता येईल का?
– गोंधळलेली

गोंधळलेल्या मैत्रिणीला,

तळ्याकाठचा फोटो आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अडलंय. ऑफिसला होकार देण्याआधी त्या मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोनच करा.

बहुतेक देशांत फोटोचा कॉपीराइट ज्याने फोटो घडवला त्याचा असतो. कॅमेरा कुणाच्या मालकीचा होता, याने सहसा काही ठरत नाही. त्यासाठी नोंदणीही लागत नाही; कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात असलेल्या देशांमध्ये फोटो काढला की हक्क आपोआप येतो. म्हणून विचारायचं ते एवढंच की त्या पहाटे नेमकं कुणी काय केलं. ट्रायपॉड कुठे रोवायचा, कुठून सुरुवात करून कुठे थांबायचं, एक्स्पोजर किती, हे सगळं तुम्ही ठरवून दिलं आणि तिने कॅमेरा वळवत बटण दाबलं, की तुम्ही हात खिशात घालून उभ्या होतात आणि जागा, वेळ, चौकट सगळं तिनेच निवडलं? पहिलं असेल तर तुमची बाजू जड आहे. दुसरं असेल तर मूळ फ्रेम्स तिच्या, आणि तुमचं काम जोडणीचं. जोडणी हलकं काम नाही, पण तिच्या फ्रेम्सवाचून ती झालीच नसती.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, खरं उत्तर या दोहोंच्या मधलं आहे. म्हणून माझा सल्ला असा: तो फोटो दोघींचा माना. खाली दोघींची नावं घाला. छपाई, पॅकिंग आणि पाठवणीचा खर्च वजा करून उरलेले पैसे निम्मे-निम्मे करा, आणि हे चार ओळींत लिहून दोघींकडे ठेवा. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे. दोन वर्षांनी कुणी तोच फोटो कॅलेंडरसाठी मागितला तर तेव्हा काय ठरलं होतं, हे दोघींनाही धड आठवणार नाही. आणि ती ‘विकायचाच नाही’ म्हणाली, तर ऑफिसला दुसरा फोटो दाखवा. अकरा आहेत तुमच्याकडे.

आता फंडाचं. तुमचा मित्र चुकीचं बोलतोय असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हिशेब मला पटत नाही. शेजारी उभं राहिल्याने फोटोत वाटा येत नाही. उरलेले दहा पॅनोरामा तुम्ही एकटीने काढले असतील तर ते तुमचे आहेत, त्यांचे पैसेही तुमचे. मात्र त्याच्या बोलण्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. पॅनोरामा काढणारा माणूस बरोबर असला की सगळ्यांना थांबावं लागतं. ट्रायपॉड लावून तो समतल करायचा, ढग सरकायची वाट बघायची, दोन फेऱ्या मारायच्या, यात अर्धा तास सहज जातो, आणि तुमच्याबरोबरचे सात जण तो अर्धा तास वाऱ्यात उभे होते. त्याची परतफेड टक्केवारीने करू नका. प्रत्येक सोबत्याला त्याच्या आवडीची एक छोटी प्रिंट भेट द्या, सगळ्यांना एकाच मापाची, एकाच वेळी. त्यापेक्षा मोठी हवी असेल तर छपाईला लागेल तेवढाच खर्च घ्या. ट्रायपॉड वाहणाऱ्या मैत्रिणीला भेटीची प्रिंट मोठी द्या आणि ती का मोठी आहे ते सर्वांसमोर सांगा. तिने खरंच वजन वाहिलंय.

जुन्या काळी हा व्यवहार उलट्या दिशेने चालायचा. १९०४ साली पेटंट मिळालेला सर्कट नावाचा कॅमेरा होता. तो आपल्या स्टँडवर गोल फिरायचा आणि आतली फिल्म त्याच वेळी एका बारीक फटीमागून सरकत जायची. शाळा, पलटणी, कारखान्यातले कामगार अर्धगोलात उभे राहायचे, एक-दोन हात लांब निगेटिव्ह तयार व्हायची आणि फोटोग्राफर त्याच माणसांना प्रिंटा विकायचा. कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळेपर्यंत एखादा मुलगा रांगेमागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राहायचा आणि एकाच फोटोत दोनदा दिसायचा. ते फोटो लोक घ्यायचे कारण त्यात ते स्वतः होते. तुमचे फोटो अनोळखी माणूस घेणार आहे तो त्यात ओळखीचं कुणी नाही म्हणून. हे दोन वेगळे गिऱ्हाईक आहेत, आणि सहलीच्या फोटोंत नेमकी इथेच गफलत होते.

माझ्याकडून झाली होती, म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही जण एका पठारावर गेलो होतो. माझ्या सगळ्यात चांगल्या पॅनोरामात उजवीकडे एका खडकावर एक मैत्रीण पाठमोरी बसलेली होती. पाच फुटी प्रिंटमध्ये ती अंगठ्याच्या नखाएवढी दिसायची. चेहरा नाही, ओळख नाही. मला ती आकृती फार मोलाची वाटत होती, कारण तिच्यामुळे त्या दरीची खोली कळायची. मी तो फोटो विकला, कुणालाही न विचारता. पुढे एका घरी तिने तो भिंतीवर पाहिला. त्या सकाळी तिला घरून एक वाईट बातमी कळली होती आणि ती आमच्यापासून दूर जाऊन तिथे रडत बसली होती. मला ते ठाऊकच नव्हतं. तिने भांडण केलं नाही. फक्त म्हणाली, “मला एकदा विचारायचंस.” मी ती प्रिंट परत घेऊ शकले नाही, कारण घेणाऱ्याला ती फार आवडली होती. तो फोटो मी त्यानंतर छापलेला नाही.

म्हणून तुमचे अकराही पॅनोरामा पडद्यावर शंभर टक्के मोठे करून डावीकडून उजवीकडे सावकाश बघा. जिथे तुमच्यातलं कुणी दिसतंय, पाठमोरं का असेना, त्याला तो तुकडा पाठवा आणि विचारा. चेहरा ओळखू येत असेल, आणि फोटो एखाद्या जाहिरातीत वापरला जाणार असेल, तर लेखी संमती घ्याच. फक्त भिंतीसाठी असेल तर कायदा जागोजागी वेगळा आहे, पण तुमच्या मैत्रीला कायद्याच्या किमान मापाने मोजू नका. एक विसरू नका: ग्रुपच्या सामायिक फोल्डरमध्ये इतरांनी टाकलेले फोटो हे बघण्यासाठी दिलेले असतात, विकण्यासाठी नाही. तसंच तुम्ही जिथे फिरलात ते संरक्षित क्षेत्र किंवा कुणाची खासगी जमीन असेल तर तिथल्या फोटोंच्या विक्रीला परवानगी लागते का ते तपासून घ्या. काही ठिकाणी लागते.

बघताना आणखीही गोष्टी दिसतील, आणि त्या दिसायलाच हव्यात, कारण मोठ्या प्रिंटमध्ये काहीच लपत नाही. फ्रेम जिथे जोडली गेली तिथे लाटा मधेच तुटलेल्या असतात. चालणारा माणूस अर्धा गायब असतो. अगदी जवळचा एखादा दगड दोनदा उमटतो. कॅमेरा लेन्सच्या योग्य बिंदूभोवती फिरला नाही की जवळच्या वस्तू दूरच्यांच्या तुलनेत सरकतात, त्याचा हा परिणाम. आकाशात एका जागी निळा रंग गडद होऊन पट्टा पडला असेल तर लेन्सवर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावला होता का ते आठवा. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वात जास्त होतो आणि रुंद पॅनोरामात तो भाग मधोमध डागासारखा दिसतो. तो डाग नंतर घालवणं अवघड असतं. असा फोटो बाजूला ठेवा. तळ्यातला लाकडी धक्का धनुष्यासारखा वाकलेला दिसत असेल तर तो दोष नाही. गोल फिरून पाहिलेलं दृश्य सपाट कागदावर आणलं की सरळ रेषा वाकतात. जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन, म्हणजे दृश्य सपाट करायची पद्धत, बदलून बघा, बराच फरक पडतो.

माप किती ठेवायचं, हे पिक्सेलवरून काढता येतं आणि ते काढल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका. समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे एक फ्रेम ६,००० बाय ४,००० पिक्सेल. कॅमेरा उभा धरून सात फ्रेम्स घेतल्या आणि प्रत्येकीचा एक तृतीयांश भाग शेजारचीवर चढवला, तर जोडलेला फोटो सुमारे २०,००० बाय ६,००० होतो. वेड्यावाकड्या कडा कापल्यावर १८,००० बाय ५,४०० धरा. दर इंचाला ३०० पिक्सेल ठेवले तर ६० बाय १८ इंच, म्हणजे पाच फूट लांब आणि दीड फूट उंच. खोलीतल्या भिंतीला हे भरपूर झालं. २०० पिक्सेलवर साडेसात फुटांपर्यंत जाता येईल, पण मी जाणार नाही. मोठा फोटो लोक लांबून बघतात असं म्हणतात. पॅनोरामाच्या बाबतीत मी तसं कधी पाहिलेलं नाही. लोक आधी लांब उभे राहतात आणि मग नाक टेकेल इतके जवळ जाऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघतात. त्यांना तिथे पाइन झाडाची टोकं दिसली पाहिजेत.

मोबाइलवरच्या तुमच्या लाडक्या फोटोलाही हाच हिशेब लावा. फाइलची उंची समजा ३,६०० पिक्सेल असेल, तर कागदावर तो बारा इंच उंच होईल. पण मोबाइल सरकता सरकता बारीक पट्ट्या जोडतो, आणि पहाटेच्या मंद उजेडात गवताचा, पानांचा लगदा करून टाकतो. म्हणून आकडा बारा म्हणत असला तरी आठ इंच उंचीवरच थांबा. सहलीतल्या सोबत्यांना भेट द्यायला हाच फोटो घ्या. त्यांना त्यात गवत नाही, ती सकाळ दिसते. अनोळखी माणसाला मात्र तो विकू नका.

विकण्यापूर्वी प्रत्येक फोटोची टेस्ट प्रिंट काढा, पण संपूर्ण फोटो लहान करून नव्हे. पूर्ण मापाच्या फाइलमधून आठ-दहा इंचांचा एक तुकडा कापून, त्याच कागदावर छापून घ्या. त्या तुकड्यात ढगाचा सर्वात उजळ भाग आणि सावलीतला सर्वात काळा भाग, दोन्ही आले पाहिजेत. जवळपास सगळ्यांची पहिली प्रिंट काळपट येते, आणि दोष लॅबला दिला जातो. बहुतेक वेळा आपल्या पडद्याचा ब्राइटनेस फार जास्त ठेवलेला असतो. तो उतरवा, लॅबकडून त्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतील ते पडद्यावर दाखवणारी फाइल) मागून घ्या आणि त्यात फोटो बघून मगच फाइल पाठवा. टेस्टचा तुकडा दिवसा खिडकीजवळ आणि रात्री खोलीतल्या दिव्याखाली, दोन्हीकडे बघा.

कागद मॅट घ्या. यावर लॅबवाले वाद घालतील, कारण ग्लॉसीवर काळा रंग जास्त खोल दिसतो. पण पाच फुटांची चकचकीत प्रिंट काचेमागे गेली की समोरची प्रत्येक खिडकी आणि दिवा त्यात उतरतो, आणि तुमच्या डोंगरावर ट्यूबलाइट उगवते. कापसाच्या तंतूंचा मॅट कागद आणि पिगमेंट शाई ही जोडी महाग पडते, पण टिकते. थेट उन्हात लावू नका, एवढं घेणाऱ्याला सांगायचं. चारही बाजूंना दोन इंच पांढरी कोरी कड सोडा. हाताळताना बोट तिच्यावर पडतं, माउंट तिच्यावर बसतो, आणि खाली पेन्सिलने सही तिथेच करता येते.

फ्रेम तुम्ही करून देऊ नका, निदान सुरुवातीला. लांबट मापाच्या तयार फ्रेम्स मिळत नाहीत, त्या करून घ्याव्या लागतात आणि काचेसकट पाठवणं हे दुखणं आहे. मात्र फ्रेमचा खर्च कदाचित प्रिंटहून जास्त येईल, हे घेणाऱ्याला आधीच सांगा. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि फ्रेमवाल्यासाठी प्रिंटबरोबर एक चिठ्ठी घाला: कागद फक्त वरच्या कडेला टाचावा, चारही बाजूंनी चिकटवू नये, आणि काच कागदाला टेकू देऊ नये. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो-आकसतो. लांब कागदाला हलायला जागा नसेल तर पहिल्याच पावसाळी आठवड्यात त्याला लाटा येतात. पाठवणी मात्र पॅनोरामाची सोपी. कडांसकट तुमची प्रिंट २२ इंच उंच होईल, म्हणजे पाच फुटांचा डोंगर दोन फुटांच्या नळीत मावतो. नळी जाड आणि निदान चार इंच व्यासाची घ्या. बारीक नळीतून आलेला कागद पुन्हा सपाट होता होत नाही.

किंमत. इथे तुम्ही बिचकणार, असं पत्रावरूनच वाटतंय. छपाई, नळी, पाठवणी, टेस्टचे तुकडे आणि दर काही प्रिंटांमागे खराब होणारी एक, हे सगळं एका कागदावर मांडा. त्यात जोडणीला आणि रंग सुधारायला गेलेले तास घाला. ही झाली तुमची पदरची रक्कम. याच्या खाली विकलं तर तुम्ही घेणाऱ्याला पैसे देताय. विक्रीची किंमत या रकमेच्या निदान दुप्पट ठेवा, आणि याला ठोस कारण आहे. उद्या एखाद्या कलादालनाने किंवा दुकानाने तुमचं काम ठेवलं तर पुष्कळ ठिकाणी निम्मा वाटा त्यांचा असतो. तेव्हा एकदम दर वाढवला तर आधीचे घेणारे बुचकळ्यात पडतील. ओळखीच्यांनाही हीच किंमत सांगा. द्यायची असेल तर सूट द्या, पण मूळ आकडा त्यांना कळू द्या.

‘लिमिटेड एडिशन’ लिहायचा मोह आत्ता टाळा. पंचवीस प्रती म्हटलं की सव्विसावी कधीही नाही, आणि किती विकल्या, कोणत्या मापाच्या, याची वही आयुष्यभर ठेवायची. हे व्रत घ्यायची घाई नको. साध्या प्रिंटवर सही आणि साल पुरे.

ऑफिसशी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट करा. एक, ते प्रिंट विकत घेतायत, फोटोचे हक्क नाहीत. तो फोटो त्यांना पुढे माहितीपत्रकात किंवा जाहिरातीत वापरायचा झाला तर वेगळं बोलणं, वेगळे पैसे. दोन, त्यांना डिजिटल फाइल पाठवू नका, पसंतीसाठी लहान आकाराचा फोटो पुरतो. तीन, निम्मे पैसे आधी. छपाईचा खर्च तुम्ही अंगावर घ्यायचा नाही. आणि त्या खोलीची भिंत कुणाकडून तरी मोजून मागवा. दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत मोकळी जागा किती, टेबलामागे बसलेल्यांची डोकी कुठवर येतात. मीटिंगच्या खोलीत फोटोचा खालचा अर्धा भाग खुर्च्यांमागे जातो, हे मी दोनदा पाहिलंय. तुमच्या तळ्याच्या फोटोत सगळी जादू खालच्या अर्ध्यात, पाण्यातल्या प्रतिबिंबात असणार. भिंत कमी पडली तर फोटो वरखाली कापून बसवू नका, माप लहान करा.

पण हे सगळं त्या फोननंतर. आणि फोन कराल तेव्हा पैशांपासून सुरुवात करू नका. त्या पहाटे तुमची बोटं आखडली होती तेव्हा तिने कॅमेरा हातात घेतला, आणि आता तो फोटो कुणाला तरी रोज बघायचाय, एवढं आधी सांगा. तिला ते अजून कुणी सांगितलेलं नसेल.

तुमची,
ताई